वाऱ्याच्या हिशेबाने घेतलेली मोटार

वाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या सासऱ्यांना मोटारही वाऱ्यावरच चालते असं वाटलं, म्हणून आमचं घर बसलं. चौलात ही गोष्ट अशीच सांगतात आणि सांगून झाल्यावर हसतात. मीही पुष्कळ वर्षं ती तशीच धरून चालले. हसले मात्र कधी नाही, कारण त्या मोटारीपायी माझा नवरा गेला.

आमच्या घरचा मचवा होता, माल वाहायचं शिडाचं गलबत. सासरे त्याचे मालक आणि तो चालवणारे तांडेलही तेच. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतले नारळ, सुपाऱ्या मुंबईला न्यायच्या आणि येताना वाण्यांचा माल भरून आणायचा, हा धंदा. त्यात जो मचवा आधी बंदराला लागेल त्याच्या नारळाला चढा भाव. मागून येणाऱ्याने मिळेल ते घ्यायचं. सासऱ्यांचा मचवा बहुधा पहिला लागे. मचवा हळू चालो की जोरात, खलाशी तेवढेच लागतात, शिडाचं कापड तेवढंच लागतं, आणि वारा फुकट. जो जास्त पळतो तो जास्त कमावतो, यात आणखी विचार करण्यासारखं काही नसे. पुढे आगबोटी माल नेऊ लागल्या आणि त्यांच्यापुढे शिडाचं काही चालेना. मचवा महिनेच्या महिने खाडीत बांधलेला राही. सासरे रोज संध्याकाळी जाऊन त्यात बसत, आणि परत आले की कोणाशी नीट बोलत नसत. मला त्या माणसाची भीती वाटे आणि खरं सांगायचं तर रागही येई, कारण घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या तोंडाकडे बघून ठरायची.

धंदा बसला म्हणून यांना मुंबईला जावं लागलं. हे म्हणजे माझे यजमान; नाव घ्यायची सवय मला तेव्हा लागली नाही, आता कशाला लावून घेऊ? आधी एका शेठच्या मोटारी धुवायला राहिले, मग त्याच मोटारी चालवायला लागले. आमचं लग्न झालं तेव्हा ते पक्के ड्रायव्हर होते. मी सासरी आणि ते मुंबईला. होळीला यायचे, गणपतीला यायचे, आणि आले की माझ्याशी बोलायला लाजायचे. लाज मोडेपर्यंत परत जायची वेळ झालेली असे. काही वर्षं मी असा संसार केला. गावातल्या निम्म्या बायका तसाच करत होत्या, म्हणून काही तो गोड लागत नाही.

मंदीच्या दिवसांत शेठचा बाजार बसला. नागावला समुद्रावर त्यांचा बंगला होता, तो विकायला काढला आणि तिथल्या दोन मोटारीही काढल्या. यांची इमानी नोकरी लक्षात ठेवून शेठ म्हणाले, दोहोंतली कुठलीही घे, दोन्हींची किंमत सारखीच लावतो, आणि बाहेरच्यापेक्षा कमी लावतो. एक काळी होती, उंच, सरळ उभी, ड्रायव्हर सोडून पाच माणसं ऐसपैस आणि सात दाटीवाटीने बसतील अशी. दुसरी शेठच्या मुलाची. तांबडी, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीने दोघं, आणि मागची डिकी उघडली की आणखी दोघं उघड्यावर. मुलगा विलायतेला गेल्यापासून ती तशीच पडून होती.

हे गावी आले ते भर दुपारी. मी मागल्या दारी सुपारी सोलत होते. एरवी माझ्या आसपास फिरकायला लाजणारा माणूस, त्या दिवशी समोर येऊन सोलायला बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. रेवदंड्याहून रेवसला रोज सर्व्हिस चालवायची. मुंबईची लाँच रेवसहून सुटते, तिच्यावर माणसं पोचवायची आणि येणारी घेऊन यायची. काळी पेट्रोलच्या एका डब्यात रेवसला जाऊन परत येते. तांबडी एका डब्यात नुसती जाते, परत यायला दुसरा डबा. काळीत सात माणसांचं भाडं, तांबडीत चौघांचं, आणि डिकीत पाटी घेऊन बाई चढणार कशी? जोर आहे तो तांबडीलाच, पण आपल्या रस्त्याला खड्डे आणि बैलगाड्या, त्या जोराला चाटायचं आहे का? त्यांचं सगळं तोलून झालेलं होतं. मग हातातली सुपारी खाली ठेवून म्हणाले, "काळी घेतली तर मी हितंच ऱ्हाईन. रोज घरी जेवीन."

मी खाली बघून सुपारी सोलत राहिले. पण ती काळी मोटार न बघताच मला इतकी आवडली, की मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

पैसा मात्र मचवा विकूनच उभा राहणार होता, म्हणजे शब्द सासऱ्यांचा. ते मचवा विकायला तयार झाले हेच सासूबाईंना खरं वाटेना. तयार झाले, पण म्हणाले, दोन्ही पळवून बघितल्याशिवाय घेणार नाही. आमच्याकडे मचवा घेताना तशीच रीत होती. विकायचा मचवा दुसऱ्या मचव्याबरोबर पळवायचा, गावच्या तांडेलांनी किनाऱ्यावर बसून बघायचं, आणि पसंत पडला की त्याच्या पुढच्या टोकावर नारळ फोडायचा. नारळ फुटला की सौदा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी तो फिरत नसे.

यांनी बापाला पेट्रोलचं परोपरीने समजावलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, रेवस दोघींनाही तेवढंच लांब ना? मग एकीला तेल जास्त कसं लागेल? इंजिन मोठं आहे म्हणून लागतं, असं हे म्हणाले. मोठं असेल तर चांगलंच की, असं सासरे म्हणाले, आणि एकाच दामात जास्त पळणारी सोडून कमी पळणारी कोण घेतो, असंही वर विचारलं.

"बाबा, ती सस्ती मिळते कारन तिला पोसनारा कोनी न्हाय," हे म्हणाले.

सासरे उठून खाडीकडे, मचव्यात बसायला निघून गेले. त्यांना कळलंच नाही असं मी समजले.

ओहोटी बघून दिवस ठरवला. नागावची वाळू ओहोटीला अशी घट्ट होते, की मोटार तिच्यावर रस्त्यापेक्षा बरी पळते. आम्ही बायका बैलगाडीने गेलो आणि सुरूच्या झाडांखाली बसलो. म्हातारे तांडेल ठेवणीतले सदरे घालून वाळूत मांडी ठोकून बसले होते. काळीकडे बघून, हिला वल्ही लावावी लागतील, अशी त्यांची थट्टा चालली होती. बंगल्यावरचा दुसरा ड्रायव्हर काळीत बसला. तांबडीत हे, आणि शेजारी सासरे. मी म्हटलं, चला, चाक यांच्याच हातात आहे. पाय थोडा आवरता घेतला की झालं. काळी पुढे आली की म्हाताऱ्याचं तोंड आपोआप बंद होईल. यांनाही हे सुचलंच असणार अशी माझी खात्री होती.

मोटारी सुटल्या. काळी पुढे होती, चांगली पुढे. मी पदराआड हसून घेतलं. मग तांबडीचा आवाज बदलला. ती अशी काही सुटली की काळी जागेवर उभी असल्यासारखी दिसू लागली. पलीकडच्या अक्षी गावाच्या बाजूला ती ठिपक्याएवढी झाली, वळली आणि आमच्याकडे आली, तेव्हा सासऱ्यांचं मुंडासं कुठेतरी उडून गेलं होतं, डोक्यावरचे पांढरे केस उभे राहिले होते आणि ते तोंड भरून हसत होते. त्या घरात आल्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. उतरले ते नारळ मागतच उतरले, आणि कोणी काही बोलायच्या आत तो तांबडीच्या नाकावर फोडला. नारळाचं पाणी गरम पत्र्यावर चरचरलं. तांडेलांनी माना डोलावल्या आणि झालं.

घरी आल्यावर मी यांना गाठलं. त्या दिवशी माझी लाजबीज सगळी गेली होती. चाक तुमच्या हातात होतं ना, मग झालं काय? हे पायांची वाळू झटकत बसले. मग म्हणाले की, अर्ध्या वाटेपर्यंत आवरूनच धरली होती. तेवढ्यात शेजारी नजर गेली. बापाने दोन्ही हातांनी पुढची काच धरली होती आणि तो काळीच्या पाठीकडे बघत होता.

"आगबोट पुढं गेली की बाबा आसाच बघायचा," ते म्हणाले. "माझ्यानं ऱ्हावलं न्हाय."

वाईट माणूस असता तर चार शब्द सुनावले असते. हा बापावर जीव टाकणारा निघाला, आणि त्याच्या त्या चांगुलपणाचा मला इतका संताप आला की मी विहिरीवर जाऊन उगीचच चार घागरी पाणी ओढलं.

तांबडी दारात आली आणि काही दिवस घरात सण होता. वाटेतल्या साऱ्या सर्व्हिस मोटारींना ती धूळ चारत जाई. सासरे नाक्यावर उभे राहून उतारूंना विचारत, आज कोण कोण मागं पडलं? वकील, डॉक्टर, लग्नाला निघालेली हौशी मंडळी तिच्यात बसली. पण रोजचा उतारू म्हणजे पाटी, पोरं आणि एखादी कोंबडी घेऊन मुंबईच्या माणसाकडे निघालेली बाई. ती एकदा डिकीकडे बघे आणि मुकाट्याने दुसऱ्या मोटारीत जाऊन बसे. आणि पहिलं पोचून मिळायचं काय? मुंबईच्या बंदरात पहिल्या मचव्याला भाव होता. रेवसला पहिली पोचलेली मोटार झाडाखाली उभी राहायची, आणि लाँच आपल्या वेळेलाच सुटायची. मागून डुलत डुलत काळी यायची. ती नागावच्या एका गृहस्थाने घेतली होती. भाडं तेवढंच, माणसं जवळजवळ दुप्पट, पेट्रोल अर्धं. आमच्या मात्र जितक्या खेपा जास्त, तितका तोटा जास्त.

पण त्या दिवसांत मी यांना रोज वाढलं. खोटं कशाला सांगू, मी सुखात होते. दुपारी मोटार दाराशी थांबली की मी भात चुलीवरून उतरवायची. हात कितीही घासून धुतले तरी पेट्रोलचा वास जायचा नाही, आणि मला तो वास आवडू लागला होता. ते आता लाजत नसत. कालवण खारट झालं तर तोंडावर सांगत, मीही तेवढ्याच जोरात उत्तर देई, आणि सासूबाई दाराआडून हसत. मी तेव्हा पहिल्यांदा कोणाची तरी बायको झाले. हे टिकणार नाही हेही दिसत होतं, कारण जेवता जेवता त्यांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यांकडे जाई आणि घास हातातच राही.

शेवटी तांबडी दारात उभी राहिली ती राहिलीच. विकत घ्यायला कोणी येईना. मचवा गेलेला होता, त्यामुळे मागे जायलाही वाट नव्हती. हे पुन्हा मुंबईला गेले. शेठ उरले नव्हते, आणि मंदीत चांगले चांगले ड्रायव्हर काम शोधत हिंडत होते. गोदीत ओझी उचलायचं काम मिळालं, ते त्यांनी धरलं. गावच्याच काही माणसांबरोबर एका खोलीत पथारी टाकायची. होळीला आले तेव्हा वाळून गेले होते. गणपतीला सुट्टी काढून जास्त दिवस राहतो म्हणाले. पावसाळ्यात तिकडे ताप आला. खोलीतला एक जण निरोप घेऊन गावी पोचला, तोवर मुंबईत सगळं उरकलेलं होतं. मला त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आजही कुठे मोटार थांबल्याचा आवाज आला की माझं लक्ष चुलीकडे जातं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे पानावर बसले आणि भाताला हात न लावता मला म्हणाले, "सूनबाई, काळी घेतली आसती तर तो ऱ्हायला आसता?"

याचं उत्तर माझ्याजवळ केव्हापासून तयार होतं. घासूनपुसून, धार लावून ठेवलेलं होतं. पण तोंडून एवढंच आलं, "व्हय, मामा."

त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. मग पानाकडे बघत म्हणाले, "त्यानं सांगितलं तवाच मला समाजलं व्हतं. तेलाचं, मानसांचं, सगळं. पन एकदा मला कुनाच्या तरी पुढं जायचं व्हतं."

मी वाढपाची पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. अडाणी माणूस, त्याला कळलं नाही, त्याचा काय दोष, अशी समजूत घालून मी त्या घरात दिवस काढले होते. ती समजूत त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतली. त्यांना खरंच तेव्हा समजलं होतं, की मुलाच्या मरणाचा सगळा भार आपल्या डोक्यावर घ्यावा म्हणून ते तसं म्हणाले, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं सांगतील, याचीच मला भीती वाटली.

पानातला भात निवून गेला होता. मी तो काढून घेतला, दुसरा गरम वाढला आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिले. पुढे ते बरीच वर्षं जगले, आणि रोज मीच त्यांना वाढलं. त्यांना मी मनातून माफ केलं का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण ज्याला एकदा हसताना बघावं म्हणून माझ्या नवऱ्याने रोज घरी जेवायचं सुख घालवलं, त्या माणसाला उपाशी उठू देणं माझ्याने झालं नाही.