अण्णांची डावी बाजू

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. परभणीत एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. आमचे मिस्टर म्हणतात, हिला भूत भेटलं तरी आधी त्याची टेस्ट घेईल. पण पाथरीला माहेरी जे घडलं... ते मी स्वतः पाहिलंय. पाहिलंय म्हणावं की नाही, तेच कळत नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला. डावा हात लाकडासारखा झाला आणि डावी बाजू जगातूनच गेली. डोळे शाबूत, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. ताटातली उजवीकडची भाकरी खायची, डावीकडची भाजी तशीच. आई डावीकडे टेकून बसलेली असायची आणि अण्णा विचारायचे, "तुझी आई कुठं उलथली?" आम्ही हसायचो. आईसुद्धा हसायची.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अण्णा चहाही घेत नाहीत. आता तो तळहातच त्यांना दिसेना. मग रोज सकाळी आई तो हात उचलून उजवीकडे आणायची, बोटं उघडायची, लिंग ठेवायची, अण्णांच्या कपाळाला भस्म लावायची.

आणि एका दुपारी आईच गेली. बसल्या जागी, हार्ट अटॅकने.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की अण्णांना धक्का सोसणार नाही. दुसरा झटका आला तर संपलं. दादा म्हणाला, "सांगायचंच न्हाई." आमच्यात माणूस गेलं की निजवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. बैठकीची खोली एकच, अण्णांची कॉटही तिथेच. त्यांना हलवलं असतं तर संशय आला असता. म्हणून आम्ही आईला त्यांच्या डावीकडच्या भिंतीला बसवलं. बायका तोंडात पदर कोंबून रडल्या. अण्णांनी विचारलं, "लय माणसं जमलीत, काय हाय?" दादा म्हणाला, "पूजा हाय." त्यांनी मान हलवली. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

आई मावशीकडे उदगीरला गेलीय, असं सांगून मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बैठकीत आले, तर अण्णांचा डावा हात उजवीकडे आणलेला, बोटं उघडलेली, तळहातावर लिंग, कपाळाला ताजं भस्म. मला वाटलं वहिनीने केलं. वहिनीला वाटलं मी केलं.

असं रोजच होऊ लागलं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, शरीर नकळत शिकतं, मनाला पत्ता नसतो. हे तर मीच वर्गात शिकवते! पण त्यांनी हात उचलून सोडला, तो धप्पकन पडला. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात. सुधारणा शून्य.

शेवटी एका सकाळी मी समोर खुर्ची टाकून बसले. वहिनी चुलीपाशी, दादा दुकानात. मी नजर हलवली नाही, हे शपथेवर सांगते. हात डावीकडे चादरीवर होता... आणि मग तो उजवीकडे होता. कपाळाला भस्म होतं. मधलं काहीच मला दिसलं नाही. डुलकी नाही, चक्कर नाही, मधला तेवढा भाग माझ्यापुरता नव्हताच.

पूजा आटोपून अण्णा म्हणाले, "तिला त्या भिताला बसवली होती न्हवं?" मान मात्र तिकडे वळवली नाही.

मी विचारलं, "तुमाला दिसलं अण्णा?"

"दिसलं न्हाई. कळलं."

मग मला राहवेना. मी त्यांचे पाय धरून ढसाढसा रडले, सगळं सांगून टाकलं, आणि आता यांना काही होतंय की काय म्हणून तोंडाकडे बघत राहिले. ते शांत होते.

"उगं कशाला रडायलीस," ते म्हणाले. "ती जिती असताना माझ्या शेजारी बसायची, मला दिसायची न्हाई. कुठं गेली म्हणून ईचारलं की तुमी हसायचे. आता तुमाला दिसंना, एवढंच."

अण्णांना दुसरा झटका आला नाही. हात अजून तसाच लुळा आहे आणि रोज सकाळी उजवीकडे येतो. मी शिकलेलं सगळं लावून पाहिलं, उत्तर सापडत नाही. माहेरी गेले की पूजेच्या वेळी मी बैठकीत जात नाही. एखाद्या दिवशी मला दिसेल, याची भीती वाटते.