दंडातल्या काड्या

मी बी.ए. झालो तो सावे गुरुजींमुळे. पालघर तालुक्यातल्या एका दवाखान्यात कारकून म्हणून लागलो, तोही त्यांच्याच शब्दावर.

तिथे मासवणकडची एक बाई दर सोमवारी यायची. पाळणा लांबवण्यासाठी तिच्या दंडात, कातडीखाली, सहा काड्या बसवल्या होत्या. तेव्हापासून तिची पाळी थांबतच नव्हती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, केसपेपर खाली ठेवायची आणि मागे सरायची. "आत या," म्हटलं की म्हणायची, "मी भायेर हाय, भाऊ. चार महिने झाले." घरी तिला चुलीला हात लावायची मनाई होती, धाकट्या पोरीला घास भरवायचीसुद्धा.

"पाच वर्षांचं औषध आहे, मधेच काढत नाहीत," नर्सबाई सांगायच्या.

"मंग पाच वर्सा गोठ्यात निजू? तुमी या सोबतीला!" असं म्हणून ती हसायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी वहीत 'तक्रार किरकोळ' लिहायचो.

एका सोमवारी ती सरळ आत आली आणि तिने दंड माझ्या टेबलावर ठेवला. विळ्याने कापलेली जखम पिकली होती.

"एक मीच काढली, भाऊ. पाच रायल्यात. आता काय लिवनार?"

त्या संध्याकाळी मी गुरुजींना पत्र लिहिलं: "सा. नमस्कार. आज वहीत त्या बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं, आणि इतके दिवस मी खोटं लिहीत होतो हेही. डॉक्टरांनी वही काढून घेतली आहे. नोकरी गेली तर तुमच्या शब्दाला कमीपणा येईल, क्षमा असावी. तिला मात्र उरलेल्या पाच काड्या न काढताच, जखमेवर पट्टी बांधून, पुढच्या सोमवारी या, असं सांगून परत पाठवलं."