थोकाची पाठ

नदीपलीकडच्या शेतावर ओद्नी आणि तिचा नवरा स्वेरिर राहायचे. मूलबाळ नव्हतं. मेंढ्या होत्या, आणि एक करडी घोडी, थोका. थोका म्हणजे धुकं. मी या खोऱ्यातले तरुण घोडे बसायला तयार करते. पुष्कळ घोडे हाताखालून गेले, पण थोकासारखी टोल्ट मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. टोल्ट ही आमच्या घोड्यांची खास चाल. पाय झपाझप पडतात आणि वर बसलेल्याला धक्का म्हणून लागत नाही.

स्वेरिरच्या हातांना कंप सुटला तेव्हा तो साठीचाही नव्हता. आधी चमच्यातलं सूप सांडू लागलं, मग पाय अडखळू लागले. त्याला घोडीवर चढवायला ओद्नी आणि मी दोघी लागायचो. पण थोकानं टोल्ट धरली की त्याचा कंप थांबायचा. पाठ ताठ, लगाम हातात स्थिर. ओद्नी कुंपणाला टेकून नुसती बघत राहायची.

"मला खाली उतरवूच नका," तो म्हणायचा. "जेवण वरच आणून द्या."

"आणि अंघोळ? तीही वरच घालू का?" ओद्नी विचारायची.

थोकाला दोन शिंगरं झाली होती, दोन्ही नर, दोन्ही विकलेली. घोडीचं वय होत चाललं होतं. एका वसंतात स्वेरिरनंच विषय काढला.

"हिला यंदा घोड्याकडे सोडू. मागे हिची एक मुलगी राहायला हवी."

ओद्नी एकदम चिडली. "आणि तू कशावर बसणार? डॉक्टर काय म्हणाले विसरलास? पुढच्या वर्षी तोल राहील की नाही, सांगता येत नाही म्हणाले."

"तुला बसायला हवी ना गं कुणीतरी. मी काय, आज आहे, उद्या नाही."

"मला नको तुझं आहे-नाही!"

पण त्यानं हट्ट सोडला नाही. उन्हाळ्यात थोका घोड्याकडे राहून गाभण परतली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शरदापर्यंत हलकी रपेट करायला हरकत नाही. स्वेरिर ऐकेना. "तिच्या पोटात पोर, आणि मी वर लटपटत बसू? छे." त्या शरदात सगळा गाव उन्हाळाभर वर चरणाऱ्या मेंढ्या उतरवायला घोड्यांवरून डोंगरावर गेला आणि तो पहिल्यांदाच कोंडवाड्याच्या भिंतीपाशी, खुर्चीत, अंगावर घोंगडी घेऊन बसला. परतलेले लोक येऊन त्याला बाटलीतला घोट देत होते. तो त्यांच्या गाण्यात सूर मिसळत होता, पण नजर घोड्यांवर होती.

जूनमधल्या एका सकाळी थोका कुरणातच व्याली. मादी! आईसारखीच होईल अशी करड्या छटेची. ओद्नीनं स्वेरिरला चाकांच्या खुर्चीतून ओल्या गवतावर ढकलत नेलं. त्यानं नाव ठेवलं द्योग, म्हणजे दव. शिंगरू त्याची थरथरती बोटं चोखू लागलं, आणि तो हसता हसता रडायला लागला.

पिलाचं दूध सुटून थोका पुन्हा बसायजोगी झाली, तोवर स्वेरिरला मान सावरणंही कठीण झालं होतं. आम्ही एकदा त्याला वर बसवून पाहिलं. तो कलंडला. ओद्नीनं त्याला छातीशी धरून उतरवलं आणि खोगीर घरात नेऊन ठेवलं. हिवाळा संपायच्या आत तो गेला.

द्योग वर बसण्याजोग्या वयाची झाली तेव्हा ओद्नीनं तिला माझ्याकडे सोडलं. अख्खा हिवाळा मी तिच्यावर मेहनत घेतली. शेवटी सांगायला स्वतः गेले. ओद्नी कॉफी ओतत होती.

"ओद्नी, पोर गुणी आहे. पण टोल्ट नाही गं तिच्यात. नुसती दुडकी, आणि तीही हाडं खिळखिळी करणारी."

तिनं किटली खाली ठेवली.

"त्यानं त्याची शेवटची रपेट सोडली गं हिच्यासाठी," ती म्हणाली.

मी विचारलं, कुणाला द्यायची आहे का?

"वेडी आहेस का? त्याची बोटं चोखलीत तिनं."

त्या वर्षी शरदात ओद्नी द्योगवर बसून डोंगरावर आली. वाट खडकाळ, घोडी आदळत आपटत चाललेली. मी बाजूनं जात होते. ओद्नीचे डोळे वाहत होते.

"दुखतंय का? उतरतेस जरा?" मी विचारलं.

"चल पुढे," ती म्हणाली. "मेंढ्या वर गेल्यात."