दहा नसांची संथा

सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि पुढे लग्न होऊन मी वाईजवळच्या खेड्यातून थेट बनारसला आले. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सासरे घाटाजवळच्या आमच्या घरी मुलांना वेद शिकवीत. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि ती मला येत नव्हती. नणंदेनं शिकवली. भाजीवाल्याशी माझ्या वतीनं भांडली. मी आईच्या आठवणीनं रडले, तर ती कुणाला बोलली नाही. म्हणून तिचं काही बिघडायला नको, ही धास्ती मला तिच्याहून जास्त.

ती बी.एस्सी.ला होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, "प्राणिशास्त्राची तोंडी परीक्षा निघाली तर मेडिकलच्या परीक्षेला बस. नाहीतर इंदूरचं स्थळ बघू."

आणि बेडकाच्या मेंदूतून निघणाऱ्या दहा नसांची नावं काही तिच्या डोक्यात राहीनात. "वहिनी, याद नाही होत गं!"

ओटीवर संथा चालली होती. सासरे एकदा म्हणत, मुलं दोनदा; स्वरासरशी माना खालीवर. मी भीत भीत म्हटलं, "आपणही तसंच करू या का?"

तिनं पुस्तकात पेन्सिलीनं इंग्रजी नावं मराठी अक्षरांत लिहून दिली. भाजी निवडता निवडता मी एकदा म्हणे, ती दोनदा. ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर... हळूहळू चाल बसली, मानही हलायला लागली. सासरे बाहेरून म्हणाले, "स्वर चुकतोय. पाठांतर बरं आहे."

तोंडीच्या दिवशी मी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होते. ती आली ती बेडूक ठेवायच्या औषधाच्या उग्र वासासकट, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"वहिनी, सरांनी एकदम विचारलं, नववी नस कोणती?"

संथा घेतलेली मुलगी मधूनच कशी सांगणार? हे मला सुचलं कसं नाही!

"मग?"

"मग काय, डोळे मिटले आणि पहिलीपासून सुरू. चालीवर! सर म्हणतात, 'अरे, गर्दन क्यों हिला रही हो?' मी थांबलेच नाही. थांबले असते तर गेलंच होतं सगळं. नववीवर आले आणि ओरडले, ग्लॉसोफॅरिंजिअल! सगळे हसले. 'किसने पढ़ाया?' म्हटलं, भाभी ने. तर म्हणाले, 'जाओ, पास हो.'"

"शिवू नको गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "नैवेद्य व्हायचाय."

"नाही शिवत." तिनं उंबऱ्याबाहेरच जमिनीला डोकं टेकलं. संथा झाल्यावर मुलं सासऱ्यांपुढे टेकत, अगदी तसं. तव्यावरची पोळी करपली.

"आता उद्यापासून हाडं, वहिनी."

ओटीवरून सासरे म्हणाले, "आधी आंघोळ. मग तो मेडिकलचा फॉर्म घेऊन ये."