छपरीतला पलंग

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासायचो. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत ऐकीव गोष्ट छापायची नाही, ही सवय. भुताखेतांवर विश्वास कधीच नव्हता. तरीही ही एक गोष्ट मला तपासून संपवता आलेली नाही...

आंधळगाव, मोहाडी तालुका. सत्तरच्या दशकाची अखेर, मे महिना. बाबांना दमा होता आणि आतल्या खोलीत वारा नव्हता. एका सकाळी मी त्यांचा सागवानी पलंग पुढच्या कौलारू छपरीत आणून टाकला. आई अडवत होती. छपरीत दोरीची बाज चालते. आतला पलंग माणूस गेल्यावरच बाहेर निघतो, असं तिचं म्हणणं. मी हसलो. बाबांना मात्र बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुपारी कोंढा गावाहून आत्या रडतच आली. बाबांचा श्वास चालू पाहून ती मटकन खाली बसली. कोणी कळवलं, मी विचारलं.

“एक माणूस घरी आला. म्हणे, तुह्या भावाचा पलंग बाहेर निंगाला. माह्यासंगंच एस्टीनं आला ना तो. आताच पायरी चढला.”

पायरीवर कोणी नव्हतं. आम्ही कोणाला पाठवलं नव्हतं, गावात फोन नव्हता. कोंढा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर — म्हणजे तो निरोप द्यायला गेला, तेव्हा पलंग अजून आतच होता.

तेवढ्यात बाबा डोळे न उघडता काठाकडे सरकले.

“बसू द्या त्याले,” म्हणाले. “उन्हातून आला.”

गादीची दुसरी बाजू हळूहळू दबली. मी पाहिलं. आत्यानंही पाहिलं.

शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही पलंग बाबांसकट उचलून आत नेला. आई चुलीजवळून धावत आली, तोवर उशीर झाला होता.

“बाबाले आधी उतरवाचं होतं रे,” ती म्हणाली. “रिकामा पलंग उलटा करून मंग आत आणतेत. आता कोणाले आणलं तुनं?”

बाबा त्यानंतर काही वर्षं जगले. त्याच पलंगावर, काठाला अंग चोरून झोपायचे. पडाल, मधे सरका, असं मी एकदा म्हणालो.

“कुठं सरकू?” एवढंच बोलले.

ते गेले, तेव्हा आम्ही त्यांना उचलून खाली घेतलं. गादीची त्यांची बाजू वर आली. दुसरी आली नाही.

कारण मला आजही सांगता येत नाही.