भिकनची मोकळी रांग

भिकन सोनवणे टेम्पो भरायला लागला की पर्वत पाटियाच्या कापड मार्केटमधले बाकीचे हमाल हातातलं काम टाकून बघत बसायचे. साड्यांची पार्सलं लहानमोठी, वेडीवाकडी. पण भिकन ती अशी रचायचा की मधून बोट जायचं नाही. धुळ्याकडून सुरतेला येऊन त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून टेम्पोत एक फट राहिली नव्हती. रिकामी जागा दिसली की या माणसाचे हात शिवशिवायचे. कामावर हा गुण होता. घरी मात्र त्याच गुणापायी त्याने माती खाल्ली.

त्याचं झालं असं, की मुलगी हर्षदा लग्न होऊन अमळनेरला गेली आणि महिन्याभरात भिकनने खोलीच्या कोपऱ्यातलं तिचं शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. तिथे कपाट बसवलं, अगदी भिंतीला भिडवून. पोरीला विचारावं, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मग आखाजीला ती माहेरी आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आणि मोठ्यांनीही त्या दिवशी उघड उघड पत्ते कुटायचे. हर्षदा दारातच थबकली.

"माझं मशीन कुठंय?"

"जागा अडवत होतं," भिकन म्हणाला.

ती चहासुद्धा न घेता परत गेली. त्यानंतरच्या दोन आखाज्यांना ती फिरकलीच नाही.

बाप-लेकीचं बोलणं बंद झालं, खेळ मात्र चालू राहिला. कॉलेजात असताना तिनेच बापाच्या मोबाइलवर ठोकळ्यांचा खेळ घालून दिला होता. वरून वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे पडतात, ते खाली रचायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती उडते. दोघं समोरासमोर खेळत असले, तर एकाने एकदम चार ओळी उडवल्या की दुसऱ्याच्या तळाशी चार ओळींचा कचरा येऊन बसतो आणि त्याचा ढीग वर सरकतो. ढीग छताला टेकला की तो हरला. रोज दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, अमळनेरहून डावाचं बोलावणं यायचं. एक डाव व्हायचा. ना शब्द, ना ख्यालीखुशाली. आणि भिकन रोज हरायचा.

या वर्षी आखाजीला दहा दिवस असताना हर्षदाने आईला फोनवर सांगितलं, "आप्पांनी मला एकदा हरवून दाखवावं, मग येते." कलाबाईने निरोप जसाच्या तसा नवऱ्याला दिला आणि वर अहिराणीत जोडलं, "आते तरी नीट खेया!"

 मार्केटमधल्या एका दुकानात ऑर्डरी लिहिणारा चेतन या खेळातला वस्ताद होता. भिकनने त्याला गाठलं. चेतनने मागे उभं राहून एक डाव पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काका, जग्या राखो ने! जागा ठेवा ना! तुम्ही तर टेम्पो भरताय. उजवीकडची शेवटची उभी रांग मोकळी सोडायची आणि बाकीचं सपाट रचत न्यायचं. चार चौकोनांचा लांब दांडा आला की त्या रांगेत उभा टाकायचा. चार ओळी एका झटक्यात साफ."

"मोकळी सोडायची? मुद्दाम?"

"मुद्दाम."

ऐकायला सोपं होतं, पण हात ऐकतील तर ना! ठोकळा फटीत बसतोय असं दिसलं की भिकनचा अंगठा त्याला तिकडेच ढकलायचा. एकेक ओळ उडायची, आणि एकेका ओळीने समोरच्याचं काहीच बिघडत नाही. हात आवरण्यातच पाच दिवस गेले. मग चेतनने पुढचं सांगितलं. दांडा लवकर आला तर पडद्यावर बाजूला असलेल्या चौकटीत राखून ठेवायचा आणि हवा तेव्हा काढायचा. त्याची वाट बघत ढीग छतापर्यंत चढू द्यायचा नाही. तळाशी कचरा आला तर घाबरून त्यावर रचत सुटायचं नाही. त्यातलं भोक कुठल्या रांगेत आहे ते बघून तिथूनच खाली खणायचं.

"आणि समोरच्याच्या पटाकडे बघत जा," चेतन म्हणाला. "कोपऱ्यात छोटा दिसतो ना, तो. तिचा ढीग किती वर आलाय, तिने चौकटीत काय राखलंय, सगळं दिसतं."

तीन वर्षांत भिकनने तो छोटा पट एकदाही पाहिला नव्हता. त्याला आपल्याच ढिगातून सवड नव्हती.

आखाजीला दोन दिवस उरले. दीड वाजता बोलावणं आलं. भिकनने रांग मोकळी ठेवली आणि पहिल्याच दांड्याला चार ओळी धाडल्या. हर्षदाने चार परत पाठवल्या. त्याने भोक शोधून खाली खणलं, पुन्हा रचलं. अंगठा घामाने निसटत होता. ढीग वर आला, दांडा काही येईना. त्याने कोपऱ्यातल्या पटाकडे पाहिलं.

तिचाही ढीग छताजवळ आला होता, उजवी रांग तळापर्यंत मोकळी होती, आणि चौकटीत दांडा तयार होता. तिने तो सोडला की भिकनचा खेळ खलास. तो तिच्या पटाकडेच बघत राहिला. एक ठोकळा पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. हर्षदा ते ढिगावर रचत राहिली. दांडा चौकटीतच होता. तीन वर्षांत अशी संधी तिने एकदाही सोडली नव्हती.

भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला यायचं होतं, आणि ते त्याला आत्ता दिसत होतं. तेवढ्यात वरून त्याचा दांडा आला. क्षणभर अंगठा अडला. मग त्याने तो मोकळ्या रांगेत सोडला.

"जमलं की, काका!" चेतन पाठीवर थाप मारत म्हणाला.  हर्षदाने चौकटीत राखलेल्या दांड्याचं भिकनने कुणालाच सांगितलं नाही. हर्षदाचा मेसेज आला होता, तीन वर्षांतला पहिला : "हरले, आप्पा. उद्या येते."

घरी गेल्या गेल्या त्याने शेजाऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून कपाट ओढत बाहेर ओट्यावर नेलं. कपाटाला अडून दार आता अर्धंच उघडत होतं. कलाबाई गव्हाच्या कोठीसाठी मोकळा कोपरा न्याहाळू लागली.

"आठे गहूनी कोठी ठेऊ का?"

"ऱ्हाऊ दे," लेकीचा कोपरा झाडत भिकन म्हणाला. "ती जागा हर्षदानी शे."