जोमरेचं आमेन

पांग जोमरे आमेन म्हणाली की आमच्या चर्चच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. पाळकांचं वाक्य पुरतं व्हायच्या आत, ते श्वास घेतील नेमक्या त्या जागी, तिचं आमेन पडायचं. मी उभा जन्म बायकांच्या नाटकमंडळीत राजपुत्रांची कामं करण्यात घालवला. आमच्याकडे गाणं रंगलं की प्रेक्षकांनी मधूनच दाद द्यायची रीत. काही जण अर्थ कळून दाद देतात, काही नुसते गाणारीच्या श्वासावर. ऐकायला दोन्ही सारखीच, पण दिव्यांखाली उभ्या असलेल्या बाईला फरक कळतो. जोमरेचं आमेन श्वासावरचं होतं.

तरी बाई लाख मोलाची. मोकपो बंदराहून येणाऱ्या बोटीतून मी या बेटावर कायमची राहायला उतरले, तेव्हा माझ्या दारात किमचीचं, तिखटात आंबवलेल्या कोबीचं, भांडं घेऊन पहिली तीच आली. लहानपणी तिने माझं नाटक पाहिलं होतं. म्हणाली, "राजपुत्र, मिशा कुठे ठेवल्यात?" तेव्हापासून मी तिच्या लेखी राजपुत्रच. पहाटेच्या प्रार्थनेला ती सगळ्यांच्या आधी चटईवर. आजाऱ्याला पेज, मयताच्या घरी भांडी घासायला, सगळीकडे जोमरे. पण प्रवचनात आज काय सांगितलं म्हणून विचारावं, तर म्हणायची, "चांगलं सांगितलं." म्हणजे काय, असं खोदून विचारलं की हसायची. शिकायचं काम पाळकांचं, आपलं काम आमेन, असा तिचा सरळ हिशोब होता. त्यात मस्ती नव्हती. देव चांगला आहे एवढं कळलं, पुढचं कळून घ्यायची गरज काय, असं तिला मनापासून वाटायचं.

तिची सून थुई व्हिएतनामची. मुलगा मासेमारीच्या बोटीवर महिना महिना बाहेर, म्हणून घरात या दोघीच. थुई प्रश्न विचारून जीव खायची. या शब्दाचा अर्थ काय, प्रभूने त्या आंधळ्या माणसाच्या डोळ्यांना चिखल का लावला, शिंपल्या कुठल्या भोकात असतात. जोमरे वैतागायची. "आमच्या घरी सून नाही आली राजपुत्र, परीक्षा घेणारी मास्तरीण आली," म्हणायची. ओहोटीला आम्ही बायका चिखलाच्या मैदानावर शिंपल्या वेचायला जातो. वाटेत एक खोल नाळ, पाण्याने चिखलात कोरलेली वाट, लागते, ती ओलांडून पलीकडे गेलं की माल चांगला. नाळेच्या वरच्या अंगाला कालवं वाढवायला रोवलेले खांब आहेत. एकदा तिथेच, माझ्यासमोर, थुईने विचारलं, "आई, आपण पलीकडे असताना नाळेत पाणी भरलं तर काय करायचं?"

जोमरे फावडं न थांबवता म्हणाली, "प्रार्थना करायची."

मी तेव्हा हसले होते. आता नाही हसवत.

त्या वर्षी शरदात पाऊस फार झाला. समुद्रकाठच्या बांधाआडचं तळं काठोकाठ भरलं. अशा वेळी ओहोटीला बांधाचं दार उघडून पाणी समुद्राकडे सोडतात आणि ते आमच्या नाळेतूनच जातं. सोडण्याआधी भोंगा वाजतो. पण वादळात भोंग्याचा खांब आडवा झालेला. म्हणून सरपंचाने पाळकांना गळ घातली, तुम्हीच रविवारी मंडळीला सांगा. पाळकांनी उपासनेच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, त्याच सुरात सांगितलं की उद्या ओहोटीला दार उघडणार, कोणी नाळेपलीकडे जाऊ नये. आणि जोमरेचं आमेन पडलं, तावदानं थरथरवणारं. तिच्यामागून सगळ्या मंडळीचं.

बाहेर चपला घालताना थुईने सासूला विचारलं, शेवटी पाळक काय म्हणाले. ते एवढ्या भरभर बोलले होते की तिला शब्द सुटे करता आले नव्हते. जोमरेने काहीच ऐकलं नव्हतं. पण सुनेसमोर तसं म्हणायचं कसं? म्हणाली, "आशीर्वाद दिला. हंगाम चांगला जावो म्हणाले."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी कोबी घेऊन तिच्या अंगणात गेले, तर ती मिरच्या निवडत बसलेली. गुडघा सुजलेला. सून कुठे विचारलं. नाळेपलीकडे गेलीय, हंगामाच्या उपकारस्तुतीला चर्चमध्ये स्वतःच्या हातच्या शिंपल्या द्यायच्यात तिला, जोमरे कौतुकाने म्हणाली.

"आज?" मी म्हटलं. "अगं, आज दार उघडणार. काल पाळक बोलले. सगळ्यात मोठं आमेन तुझंच होतं."

हातातली मिरची तिने जपून सुपात ठेवली.

"तिने विचारलं होतं मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, आशीर्वाद दिला."

मी सरपंचाला फोन लावला. तो मोटरसायकलवरून बांधाकडे सुटला, पण दार आधीच उघडलं होतं. बंद करायला चाक हाताने फिरवावं लागतं, त्यात वेळ जातो. जोमरे तोवर चिखलावर घसरायची फळी ओढत खाली पोचली होती, तो सुजलेला गुडघा फळीवर टेकून दुसऱ्या पायाने ढकलत. मी मागून धापा टाकत गेले. वारा पडलेला. पक्षी एकही नाही. आणि नाळेतून एक आवाज येत होता, लांबवर कोणी तांदूळ ओतत असल्यासारखा.

नाळ करड्या पाण्याने भरत चालली होती. पलीकडे, टोपलीशेजारी, थुई गुडघे टेकून बसली होती. डोळे मिटलेले, हात जुळलेले. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं होतं आणि ती हलत नव्हती. ओठ तेवढे हलत होते. सासूने शिकवलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता, ती करत होती. तिच्या पाठीमागे भरतीची रेघ उजळ झाली होती.

जोमरेचा मंडळी हलवणारा आवाज मी त्या दिवशी खऱ्या अर्थाने ऐकला.

"थुई, ऊठ. मी चुकीचं सांगितलं. ऊठ, वर जा, कालवांच्या खांबांकडे. तिथे पाणी कमी आहे. खांब धरून ये."

थुईने डोळे उघडले. आणि तशातही तिने विचारलं, "कुठला खांब आधी, आई?"

"वाकडा. मग त्याच्या डावीकडचा." जोमरे काठाकाठाने वर निघाली, थुईला दिसत राहील अशी. एकेक खांब सांगत गेली. कुठल्या खांबाशी तळ कडक, कुठल्याशी पाय रुततो, सगळं. एवढं सगळं तिला येत होतं. विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर. शेवटच्या खांबाशी ती स्वतः छातीभर पाण्यात उतरली आणि फळी पुढे ढकलली. थुईची टोपली गेली, बूट गेले. दोघी काठावर येऊन पडल्या तेव्हा मागे भरतीने खांब गिळायला सुरुवात केली होती.

प्रभूचे शिष्य पुन्हा पुन्हा भाबडे प्रश्न विचारत, आणि तो त्यांना उत्तरं देई. न कळणाऱ्यावर तो कधी रुसला नाही. हे मी किती वर्षं ऐकत आले होते. त्या काठावर पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपकारस्तुती केली. मंडळीचं आमेन दणाणलं, पण त्यात एक जागा रिकामी होती. मग त्याच सुरात सूचना आल्या. भोंगा अजून दुरुस्त झालेला नाही. या आठवड्यात दार पुन्हा उघडेल, कुठल्या दिवशी तेही पाळकांनी भरभर सांगून टाकलं. आणि बाकी सगळ्यांनी, श्वास घ्यायच्या जागी, खणखणीत आमेन म्हटलं.

"आई, काय म्हणाले?" पुढच्या ओळीतून थुईची कुजबुज ऐकू आली.

"मला नीट नाही कळलं," जोमरे म्हणाली. मग सुजलेल्या गुडघ्यावर हात टेकून ती भर मंडळीत उभी राहिली. पाळक आशीर्वादासाठी हात उचलणार होते, ते थांबले.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "दार कुठल्या दिवशी उघडणार ते परत सांगा. सावकाश सांगा."

मागे कोणीतरी हसलं. जोमरे बसली नाही.